डागामागची नस : गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची पंच्याहत्तर वर्षे

कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे, असे आजही बहुतेकांना वाटते. डाग कातडीवर दिसतो, तेव्हा तसे वाटणे साहजिकच. पण या रोगाने माणसाचे जे कायमचे नुकसान होते ते कातडीने नव्हे, नसांनी होते. कुष्ठजंतूला अंगातल्या थंड जागा मानवतात. म्हणून तो मेंदू आणि मज्जारज्जूच्या वाटेला जात नाही. कातडीखालून, हाडाला लागून जाणाऱ्या नसा धरतो. कोपरामागची, मनगटातली, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, घोट्याच्या आतल्या बाजूची आणि गालावरून पापणीकडे जाणारी. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट आत वळते. गुडघ्यापाशी गेली की पाऊल लोंबते आणि चप्पल पायात राहत नाही. घोट्यापाशी गेली की तळवा बधिर होतो. काटा मोडला, खडा टोचला तरी कळत नाही. पापणीची गेली की डोळा झोपेतही उघडाच.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा रोग पूर्व विदर्भाइतका कधीच नव्हता. तरी गावागावांतली जुनी माणसे ‘महारोग’, ‘रक्तपिती’ हे शब्द आवाज खाली आणूनच उच्चारत. बोटे झडतात ती रोगाने कुजून, अशी ठाम समजूत. खरे काय घडे? बाई चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी तव्यावर उलटते, बोटांना चटका बसतो आणि तिला तो कळतच नाही. फोड दिसतो तो संध्याकाळी, भांडी घासताना. पराटीतून कापूस वेचताना वाळक्या बोंडाची टोके बोटांत घुसतात. शेजारणीचा हात रक्ताळला की ती थांबते, हिचा रक्ताळला तरी ही वेचतच राहते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट दरवेळी थोडे थोडे आखूड होते. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. तो गेला की बाकीचे नुकसान रोजचे कामच करते.

ही गोष्ट खेड्यापाड्यांत नीट समजावून सांगणारी आणि तिच्यावर गावातच इलाज करता येतो हे सिद्ध करणारी संस्था म्हणजे वर्ध्याची गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन. तिचा इतिहास बुलढाण्याच्या माणसाने का लिहावा, असे कोणी विचारील. मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा ही एकच लोहवाट आहे, हे एक उत्तर. दुसरे खरे उत्तर असे की विदर्भातल्या कुष्ठरोग पथकांमध्ये ज्यांनी हयात घालवली त्यांच्या कामाची रीत वर्ध्यात ठरली. संस्थेच्या हिंदीनगरातल्या त्या आवाराबद्दल लिहिताना आम्ही परक्या घराबद्दल लिहीत नाही.

पूर्वपीठिका : १९३६–१९५०

वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. दिवाण हे विनोबांच्या सहवासातले. तोवर या क्षेत्रात प्रामुख्याने मिशनरी संस्था होत्या. दत्तपूरने एतद्देशीय कार्यकर्त्यांना वाट दाखवली. आनंदवन उभारण्यापूर्वी बाबा आमटे याच दत्तपुरात काम शिकले. इकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन वसवले, तेव्हा वऱ्हाडातल्या रुग्णांना जवळचा आसरा झाला.

सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींशी असलेली ओळख, संस्कृतचे गाढे अध्ययन आणि अंगावर वाढलेला रोग. गांधीजींनी त्यांना आश्रमातच झोपडी बांधून दिली आणि त्यांना मालीश करण्याचे काम स्वतःकडे घेतले. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. छायाचित्राइतकेच महत्त्वाचे पाऊल पुढे पडले ते कागदावर. गांधीजींच्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेला खादी, ग्रामोद्योग यांच्या बरोबरीने जागा मिळाली. स्वतः हा रोग भोगलेले आणि आयुष्यभर त्यासाठी झटलेले टी. एन. जगदीशन यांच्यासारखे सहकारी या विषयावर गांधीजींशी पत्रव्यवहार करीत होते. गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून गांधी स्मारक निधी जमला, तेव्हा त्यातला काही भाग या कामासाठी ठेवायचा हे त्यामुळे ओघानेच आले.

पहिले दशक : १९५१–१९६०

निधीच्या वतीने १९५१ मध्ये फाउंडेशन स्थापन झाली. आणखी एक आश्रम काढणे तिला सहज शक्य होते. पैसा होता, गांधीजींचे नाव होते, जमीन देणारेही मिळाले असते. पहिले संचालक डॉ. वारदेकर आणि त्यांचे सहकारी यांनी तसे केले नाही, हाच या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय, असे माझे मत आहे. आश्रमात रुग्ण येतो तो रोग लपवण्यापलीकडे गेल्यावर. तोवर त्याच्या नसा गेलेल्या असतात आणि घरातल्या पोरांना लागणही झालेली असते. लागण झाल्यापासून पहिला डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. फाटकाशी उभे राहून वाट पाहणाऱ्याच्या हाती मग काय लागणार?

चाळीसच्या दशकात हाती आलेल्या नव्या औषधाने वेगळा विचार शक्य झाला होता. त्याआधी कडूकवठीच्या बियांचे तेल टोचत. ते दुखे फार आणि त्याचा गुण येई बेताचा. डॅप्सोन मात्र साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. ती गावातच नेऊन दिली तर? रुग्णाला घरी, शेतावर, बायकामुलांत ठेवूनच त्याच्यापासूनची लागण थांबवता येईल का? हा प्रश्न घेऊन सेवाग्रामच्या परिसरात काम सुरू झाले.

त्या कामाची पद्धत ‘सेट’ या नावाने देशभर रूढ झाली : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. कागदावर तीन शब्द, प्रत्यक्षात पायपीट. घरातल्या प्रत्येक माणसाला उजेडात उभे करून सगळे अंग तपासायचे. लोक शेतावर जाण्याआधी गाव गाठायचे, राहिलेल्यांसाठी पुन्हा जायचे. पाठीवरचा डाग माणसाला स्वतःला दिसत नाही आणि दुसऱ्याला दाखवायची त्याची तयारी नसते. पदराआडच्या डागाची तर गोष्टच वेगळी. फिक्या किंवा लालसर चट्ट्यावर कापसाचा पेळू हलकेच टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचे, कुठे लागलं? बोट अचूक ठेवले तर ठीक. नुसताच उभा राहिला की कार्यकर्त्याचे हात त्याच्या कोपरामागे जात. तिथल्या खोबणीतली नस बोटांखाली हलकेच घोळवून पाहायची. दोन्ही हातांची, एकापाठोपाठ एक. निरोगी नस सुतळीसारखी मऊ लागते. रोगाने धरलेली जाड, कधी गाठाळ, आणि दाबताच माणूस कळवळतो. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. बोटांचा सराव तेवढा हवा.

ही पद्धत केंद्र सरकारने पाहिली आणि १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचा पाया तिच्यावर घातला. एका जिल्ह्यातल्या संस्थेचा प्रयोग देशाचा कार्यक्रम व्हावा, असे आपल्याकडे वारंवार घडत नाही.

दुसरे दशक : १९६१–१९७०

महाराष्ट्र राज्य झाले. विदर्भातल्या जिल्ह्यांत सरकारी नियंत्रण पथके उभी राहू लागली आणि त्यांना माणसे हवी होती. फाउंडेशनचे प्रशिक्षण केंद्र याच गरजेतून वाढले. वैद्यकीय अधिकारी, अवैद्यकीय सहायक, पर्यवेक्षक, फिजिओथेरपीची कामे शिकणारे अशा सगळ्यांची ये-जा वर्ध्यात सुरू झाली. संस्थेची केंद्रे इतर राज्यांतही पसरली. येथे कोणाएकाचे नाव घेणे अवघड आहे. सायकलीवर औषधाची पिशवी अडकवून गावे पालथी घालणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे अहवालांतून फारशी येत नाहीत, पण इमारत त्यांच्याच खांद्यावर उभी आहे.

याच सुमारास नसांबद्दलचे ज्ञान पुढे जात होते. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने चाळीसच्या दशकाअखेरीस काम सुरू करून दाखवून दिले होते की बोटे रोगाने झडत नाहीत. बधिरपणामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्याने ती जातात. लुळ्या पडलेल्या स्नायूच्या जागी शाबूत स्नायूचा कंडरा वळवून बसवला की मिटलेली बोटे उघडता येतात, हेही त्यांनी दाखवले. या दोन गोष्टींनी रुग्णाला द्यायच्या शिकवणीचा नूरच पालटला. गोळ्यांसोबत रोजची पाहणी आली. रात्री पाय धुऊन तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. थोडा वेळ पाण्यात पाय बुडवून, टाचेची जाड कातडी खरबरीत दगडाने घासून, ओलसर असतानाच तेल लावावे. गरम भांडे फडक्याशिवाय धरू नये. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळावे. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्याने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बाप्पा, इतकं त बैलाच्या खुराचंबी पाहत नाई आपण!” पण पाहू लागला.



तिसरे दशक : १९७१–१९८०

हे दशक अवघड गेले. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात, हे १९६४ मध्ये मलेशियातल्या रुग्णांवरून सिद्ध झाले होते. सत्तरच्या दशकात त्याची झळ सगळीकडे जाणवू लागली. जंतू अंगात जास्त असलेल्यांना गोळी वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यायची. डाग फिका पडला, बरे वाटले की माणूस गोळी सोडी. हंगामाच्या दिवसांत कामाला परगावी जाई. पुन्हा दिसे तेव्हा हात वाकडा झालेला असे. अनेकदा नस जाई ती ‘रिअॅक्शन’मध्ये. शरीराची प्रतिकारशक्ती अचानक उसळते, नसेला सूज येते, रात्रभर ठणका लागतो आणि बघता बघता पंजा लुळा पडतो. अशा वेळी वेळेत स्टेरॉइड मिळाले तर नस वाचते. सहा महिने उलटून गेले तर सहसा नाही. जंतू मारणे आणि नस वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या वर्षांनी शिकवले.

कामाच्या दिशेबद्दल अशा काळात निरनिराळी मते असणे स्वाभाविक आहे. शोधावर भर द्यावा की पुनर्वसनावर, संस्थेने किती वाढावे, सरकारकडे काय सोपवावे, हे प्रश्न क्षेत्रात सगळीकडेच विचारले जात होते. त्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. सर्वांनी सबुरीने घेतले आणि पथकांच्या फेऱ्या चुकल्या नाहीत, एवढे नोंदवणे पुरे.

चौथे दशक : १९८१–१९९०

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली : रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. एका औषधाला दाद न देणारे जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावेत, हे त्यामागचे तत्त्व. भारतात हा उपचार सर्वांत आधी ज्या दोन जिल्ह्यांत सुरू झाला ते म्हणजे वर्धा आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया. वर्ध्याची निवड योगायोगाने झालेली नव्हती. तीस वर्षांच्या याद्या, घराघरांची ओळख आणि तपासणीला सरावलेली बोटे इथे तयार होती.

महिन्यातून एकदा रिफॅम्पिसिनचा डोस कार्यकर्त्यासमोर गिळायचा. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली की गावात हाहाकार. म्हणून गोळी देण्याआधीच ते सांगून ठेवावे लागे. क्लोफाझिमिनने रंग काळवंडे. लग्नाच्या वयातल्या मुलींची त्यावरून फार कुचंबणा होई आणि काही जणी गोळ्या पदराच्या गाठीत बांधून नेत त्या तशाच ठेवून देत. हे कळल्यावर रागवायचे नाही, घरी जाऊन बसायचे, चहा घ्यायचा. रंग हळूहळू परत उजळतो हे सांगायचे. आरोग्यशिक्षण याचेच नाव.

१९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातला ‘नियंत्रण’ शब्द जाऊन ‘निर्मूलन’ आला. औषधांची मुदत ठरल्यामुळे ‘बरा झाला’ असे नाव घेऊन सांगता येऊ लागले आणि याद्यांमधून नावे कमी होऊ लागली. या काळात संस्थेची धुरा एस. पी. तारे यांच्याकडे होती. कुष्ठकार्यातील देशी-परदेशी कार्यकर्त्यांसाठी संस्थेचा आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कारही याच दशकातला.

पाचवे दशक : १९९१–२०००

जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ मध्ये ठराव केला : २००० पर्यंत दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. दशक त्या आकड्यामागे गेले. बहुजिवाणू, म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या रुग्णांचा औषधकाळ चोवीस महिन्यांवरून बारावर आला, औषधे जगभर मोफत मिळू लागली आणि देशभर शोधमोहिमा झाल्या.

सहावे दशक : २००१–२०१०

कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. रुग्णाने इतरांसारखे प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, त्याच रांगेत उभे राहावे, यासाठीच तर पन्नास वर्षे खर्ची पडली होती. २००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्णांचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले आणि वर्तमानपत्रांनी ‘कुष्ठरोग संपला’ असे मथळे लावून विषय मिटवला.

मथळा चुकीचा होता, हे जिल्ह्यातल्या माणसांना कळत होते. यादीतून नाव कमी होते ते औषध पूर्ण झाल्यावर. बधिर पाय मात्र त्याच्यासोबत घरी जातो आणि पुढची तीस वर्षे त्याला त्या पायावर चालायचे असते. शिवाय जुने अवैद्यकीय सहायक एकेक करून निवृत्त होऊ लागले आणि नव्या डॉक्टरांनी जाड नस कधी हाताळलेलीच नव्हती. संस्थेचे प्रशिक्षणाचे काम अशा वेळी संपले नाही. उलट त्याची गरज वाढली.

२०११ पासून आजवर

अलीकडच्या वर्षांत कायद्याने मोठा पल्ला गाठला. १८९८ चा कुष्ठरोग्यांबाबतचा ब्रिटिश कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना स्थान मिळाले. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकले गेले. २०१६ पासून शोधमोहिमांनी पुन्हा जोर धरला आहे. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, ग्रामसभांमधून ‘स्पर्श’ अभियानाची शपथ घेतली जाते. रुग्णाच्या सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस प्रतिबंधासाठी दिला जातो. तरीही देशात दरवर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण आढळतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपले.

आमच्या जिल्ह्यात मोहिमेच्या दिवसांत घरोघर फिरते ती आशाताई. सोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो. बायका ती तपासते, पुरुष तो. वारदेकरांच्या काळी जी अडचण पदराआड राहत होती ती अशी सुटली. संशयित सापडला की त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहायक संचालकांच्या कार्यालयातून पुढची व्यवस्था होते.

संस्थेच्या शिकवणीला हल्ली एक नवेच गिऱ्हाईक मिळाले आहे : मधुमेह. तळवे बधिर करणारे आज सर्वांत मोठे कारण तेच. खामगाव-चिखलीच्या बाजारपेठेतला सुखवस्तू व्यापारीही तळव्याला जखम घेऊन येतो आणि केव्हा झाली ते सांगू शकत नाही. रात्री तळवे पाहणे, अनवाणी न चालणे, मऊ रबराच्या तळाची चप्पल वापरणे ही जी पथ्ये एकेकाळी गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितली जात, ती आता त्यालाही सांगावी लागतात. ती मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल पूर्वी अशी ओळखू येई की रुग्ण ती घालायला लाजत. आता तिचे बंद आणि रंग इतर चपलांसारखे करतात.

हाताच्या, पायाच्या आणि पापणीच्या शस्त्रक्रिया ठरावीक रुग्णालयांतून होतात. बुडालेल्या मजुरीपोटी रुग्णाला सरकारकडून रक्कम मिळते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये आणि मग तितकेच दिवस नव्या जागी बसवलेल्या स्नायूला त्याचे काम शिकवण्यात जातात. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू असताना नाव नोंदवायला आमच्याकडे कोणी तयार होत नाही. याद्या त्या दिवसांत तयार होतात आणि माणसे निघतात ती कापूस विकून, तूर घरात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. यंदाची यादी तयार आहे.